एकटीचा डाव

दुपारची झाकपाक झाली की संध्याकाळच्या चहापर्यंत जो काय तासभर मिळतो, तो आपला हक्काचा. त्या वेळेत हल्ली बऱ्याच जणी मोबाइलवर सोंगट्यांच्या जोड्या लावताना दिसतात. लगेच घरातून शेरा येतो, ‘काय हे लहान पोरांसारखं!’ घरातल्या पुरुषांनी तीन-तीन तास क्रिकेट पाहिलं तर ती करमणूक, आणि बाईनं पंधरा मिनिटं डाव मांडला की तो रिकामटेकडेपणा!

मैत्रिणींनो, हा खेळ आहे तरी काय? माहजाँग हा मूळचा चौघांनी मिळून खेळायचा चिनी खेळ. त्याच्याच सोंगट्या घेऊन एकटीनं खेळायचा हा डाव, आपल्या पत्त्यांतल्या पेशन्ससारखा. १४४ सोंगट्या एकावर एक रचलेल्या असतात. सारख्या दोन शोधून उचलायच्या. अट एवढीच, की सोंगटीवर दुसरी सोंगटी नको आणि डावी किंवा उजवी बाजू मोकळी हवी.

याची जन्मकथा मात्र चटका लावणारी आहे. ब्रॉडी लॉकार्ड हा अमेरिकेतला जिम्नॅस्ट. १९७९ मध्ये अपघात झाला आणि त्याचं मानेखालचं शरीर लुळं पडलं. तोंडात काडी धरून तो संगणकाची बटणं दाबायचा. तशा अवस्थेत त्यानं १९८१ मध्ये हा खेळ संगणकावर आणला. १९८६ मध्ये तो ‘शांघाय’ नावानं बाजारात आला.

खेळताना दिसली जोडी की उचल, असं करू नका. बहुतेक चित्रं चार-चार असतात. चारही मोकळी असतील तर खुशाल उचला. तीनच दिसत असतील तर कुठल्या दोन काढल्यानं जास्त सोंगट्या सुटतील, ते बघा. उंच ढीग आणि लांब ओळी आधी मोकळ्या करा. तरी काही डाव सुटतच नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि हो, फुकटच्या खेळात मध्येच जाहिराती येतात, ‘पैसे भरा’ म्हणतात. तिथे बोट जपून!

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. ताई उशाशी बसून हाच डाव खेळतात. ‘हाक आली की ठेवायचा, परत घ्यायचा. डाव काही रुसत नाही,’ त्या म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं आणि पोटात कालवलंही. या बाईला विसावा हवा, तर तो फक्त मोबाइलमध्येच? मग गटानं ठरवलं, दर गुरुवारी दोन तास आळीपाळीनं एकीनं सासूबाईंजवळ बसायचं. पहिल्या गुरुवारी ताई नुसत्या बाजारात चक्कर मारून आल्या, पण चेहरा खुलला होता.

खेळा, जरूर खेळा. पण शेजारची एखादी तासन्‌तास एकटीच खेळत असेल, तर तिच्याकडे जरा डोकावून या. कदाचित तिची कुठलीच बाजू मोकळी नसेल.