बिनजोडचा जमाना : मुरबाड-शहापूर पट्ट्यातील छकडा शर्यतींचा मागोवा

बिनजोड हा ठाणे-रायगड पट्ट्यातील बैलगाडी शर्यतीचा खास प्रकार. आपल्या बैलाला जोड नाही, असा दावा एक मालक करतो; तो दावा मोडायला दुसरा पुढे येतो आणि दोन छकडे एकाच वेळी सुटतात. निशाणापाशी ज्याचा बैल पुढे, गुलाल त्याचा. पुणे जिल्ह्यातील घाटात, म्हणजे तिकडच्या धावपट्टीवर, गाडा एकटाच धावतो आणि त्याची स्पर्धा घड्याळाशी असते. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत गट, सेमीफायनल, फायनल अशी उतरंड असते. विदर्भात शंकरपट भरतो, तर अलिबाग-मुरुडकडे ओहोटीच्या वाळूवर गाड्या पळतात. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ, पनवेल या भागाने मात्र समोरासमोरची लढत पसंत केली. सेकंदाच्या काट्यावर हरलेला माणूस काट्याला दोष देतो. इथे हरवणारा शेजारच्याच गावचा असतो. त्यामुळे ईर्ष्या जास्त, पैजा जास्त आणि धोकाही जास्त.

या शर्यतींना जागा दिली ती भाताने. आसनगाव स्टेशनाबाहेर पडले की समोर माहुली गडाचे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी बांधाबांधांची भातखाचरे दिसतात. शहापूर-मुरबाडचा बहुतेक शेतकरी पावसाच्या एका पिकावर जगत आला. कापणी आणि झोडणी उरकली, भारे घरी आले, की खाचरे मोकळी होतात आणि बैलही मोकळा होतो. मग दोन-चार मालकांच्या सलग जमिनीतले बांध तेवढ्यापुरते सपाट करायचे, ढेकळे फोडायची आणि धावपट्टी आखायची. पहिल्या पावसाने ती पुन्हा चिखलात जाते. जत्रांचा हंगामही याच महिन्यांतला. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिथला गुरांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने दोन्ही प्रसिद्ध आहेत. म्हशाच्या बाजारात नांगराचा बैल आणि पळायचा बैल वेगवेगळ्या नजरेने पाहिले जातात. पहिल्याची छाती आणि खूर पाहायचे. दुसऱ्याची मांडी, पाठीची लांबी आणि कान कसे टवकारतो ते पाहायचे. पळायचा बैल बहुधा खिलार, म्हणजे घाटमाथ्यापलीकडून आलेला. कोकणातला डांगी किंवा गावठी बैल चिखलात वाकबगार असला तरी सरळ पट्टीवर खिलारापुढे टिकत नाही.

शर्यतीच्या बैलाचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असलेला आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. काही बैल डाव्या खांद्याला पळतात, काही उजव्या; बाजू बदलली की तोच बैल अडखळतो. म्हणून एका नामांकित बैलाला दुसऱ्या मालकाचा जोडीदार शोधावा लागतो. त्याला पैरा म्हणतात. हा शब्द शेतीतला आहे. एकच बैल असलेले दोन शेतकरी आळीपाळीने एकमेकांची शेते नांगरून देत, तो पैरा. शर्यतीने शब्द तोच ठेवला. जुवाखाली दोन बैल असले तरी नाव मात्र एकाचेच होते, आणि पैऱ्याच्या मालकाला गुलालातला वाटा मिळतो की नुसते आभार, यावरून अनेक दोस्त्या तुटल्या आहेत.

आता छकडा. शेतीच्या गाडीला साटी असते, दांड्या असतात, लाकडी चाकांवर लोखंडी धाव असते. ती ओझे वाहायला बनवलेली. शर्यतीचा छकडा म्हणजे त्या गाडीतून ओझ्याशी संबंधित सारे काढून टाकल्यावर जे उरेल ते. दोन हलकी चाके, एक आस, पुढे गेलेली दांडी, तिच्या टोकाला जू, आणि हाकणाऱ्याला पाय रोवता येतील एवढीच फळी. हाकणाऱ्याला पूर्वी गाडीवान म्हणत, आता सर्रास जॉकी किंवा ड्रायव्हर म्हणतात. बसायला जागा नाही, धरायला कठडा नाही. त्याच्या हाती फक्त कासरा. ब्रेक असा प्रकारच नाही. कासरा ओढल्याने बैलाची दिशा थोडीफार बदलते, पण भरवेगात आलेली जोडी त्याने थांबत नाही. ती दमल्यावर किंवा पुढे काही आडवे आल्यावर थांबते. चाक एखाद्या ढेकळावर चढले की छकडा हवेत उडतो आणि हाकणारा खाली येतो. मग रिकामा छकडा मागे आपटत असतो आणि त्या आवाजाने बैल आणखी बुजतात. धावपट्टीची लांबी सांगताना निशाणापर्यंतची लांबी सांगतात. खरे तर निशाणापुढे किती मोकळी जागा आहे, हे आधी विचारायला हवे.

जुन्या काळी हा खेळ गावकीचा होता. बैल नांगरालाच जुंपलेले असत, बक्षीस म्हणजे नारळ, फेटा किंवा पितळेचे भांडे, आणि बघे म्हणजे आसपासच्या चार-पाच गावांचे लोक. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले तसे नांगराचे काम सुटले. दावणीला बैल ठेवायचा तर त्याला दुसरे कारण हवे, आणि शर्यतीने ते पुरवले. कल्याण-अंबरनाथपासून मुरबाड-शहापूरपर्यंत जमिनींचे भाव चढत गेले आणि काही घरांत एकरकमी पैसा आला. तो पैसा घरात, गाडीत आणि बैलात गेला. एका बैलाची किंमत लाखांत बोलली जाऊ लागली. बक्षीस दुचाकीवर गेले, मग ट्रॅक्टरवर. बैलाला बदाम, खारीक, दूध, तूप, अंडी. त्याच्यासाठी वेगळा गडी, वेगळा टेम्पो, पाठीवर नाव छापलेली झूल. नांगर त्याने कधी पाहिलेला नसतो. शर्यतींवर बंदी येण्याआधीची पंधरा-वीस वर्षे ही अशी होती, आणि शौकीन 'जमाना' म्हणतात तो याच काळाला.

त्या जमान्याची काळी बाजू शौकीनही नाकारत नाहीत. पैसा वाढला तशी जिंकायची घाई वाढली. शेपटी पिरगाळणे, दाताने चावणे, पराणीला खिळा लावणे, बॅटरीचा झटका देणे, बैलाला दारू पाजणे हे प्रकार मैदानात दिसत. दुसरी गोष्ट गर्दीची. खाचराच्या दोन्ही बाजूंना बांधावर माणसे उभी राहत, आणि जोडी सुटल्याचा आवाज आला की मागची माणसे पुढच्यांना ढकलून पट्टीत उतरत. गाडी जवळ येईपर्यंत पट्टी अरुंद होत जाई. छकडा समोर आला की माणसे पाण्यासारखी बाजूला होत आणि तो गेला की पुन्हा मिटत. जो शेवटच्या क्षणी बाजूला होईल तो पट्टीचा शौकीन. एखादा बैल निशाणापुढे गर्दीत शिरला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येई.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मोटारींच्या रॅलीत याच गोष्टी आधी घडून गेल्या होत्या. १९८२ साली जागतिक रॅलीत 'ग्रुप बी' नावाचा वर्ग आला. नियम इतके सैल, की कंपनीने २०० गाड्या बनवून दाखवल्या की जवळपास कोणतेही यंत्र शर्यतीत उतरवता येई. ऑडी क्वाट्रो, प्यूजो २०५ टी-१६, लान्सिया डेल्टा एस-४, फोर्ड आरएस-२०० या गाड्या त्यातल्या. १९८६पर्यंत वजन टनाच्या आसपास आणि ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर, असे गणित झाले होते. रस्ते मात्र डोंगरातलेच, आणि कडेला कठडा नाही. पोर्तुगालमध्ये तर प्रेक्षक रस्त्यावर उभे राहून धावत्या गाडीला हात लावायची पैज लावत. ५ मार्च १९८६ रोजी तिथेच एक फोर्ड गर्दीत घुसली. तिघांचा जीव गेला आणि तीसहून अधिक लोक जखमी झाले. २ मे रोजी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची लान्सिया वळणावरून खाली कोसळून जळाली. जागतिक मोटारक्रीडा संघटनेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी लागलीच निर्णय जाहीर केला : १९८७पासून ग्रुप बी बंद. तेव्हापासून रॅलीवेडे भांडत आहेत. एक पक्ष म्हणतो, गाड्याच माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. दुसरा म्हणतो, पोर्तुगालमधला गुन्हा गाडीचा नव्हता, गर्दी न आवरणाऱ्यांचा होता. मुरबाड-शहापूरच्या बांधावर हाच वाद वेगळ्या नावांनी चालतो. फरक एवढाच, की मोटारीला वेदना होत नाहीत, बैलाला होतात. त्यामुळे इथे वादाला तिसरा पक्ष आहे, आणि न्यायालयात तोच आधी ऐकला गेला.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीत बैल आला. राज्य सरकारने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शर्यतींवर बंदी घातली आणि मार्च २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे तमिळनाडूच्या जल्लिकट्टूशी जोडले गेले, आणि ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने दोन्ही खेळ बंद केले. बैलाची शरीररचना पळण्याची नाही, त्याला धावायला लावणे हाच छळ, असे त्या निकालाचे सूत्र होते. शौकिनांना सर्वांत जास्त लागले ते हेच. पुढे राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर समिती नेमून अहवालच तयार करवून घेतला.

जानेवारी २०१६मध्ये केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना वाट करून दिली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती अडवली. २०१७च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी आंदोलन झाले, तमिळनाडूने कायदा केला आणि महाराष्ट्रानेही त्याच वर्षी प्राणी छळ प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. बैलाचा छळ झाल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद तीत आहे. पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. तमिळनाडू आणि कर्नाटकात बैल पळत होते, महाराष्ट्रात नव्हते, आणि बैलगाडा संघटनांच्या प्रत्येक निवेदनात हे वाक्य असे.

कागदावर पळत नव्हते, एवढेच. २०१४च्या निकालानंतरच्या बंदीच्या सात वर्षांचा हिशेब मांडताना शौकीन 'तोटा' हा शब्द वापरतात : पडेल भावाला विकलेले बैल आणि मोडलेल्या दावणी. शर्यत पुरती थांबली मात्र नाही. निरोप रात्री फिरत, जागा आदल्या रात्रीपर्यंत ठरत नसे, उजाडता उजाडता गाड्या सुटत आणि ऊन चढायच्या आत मैदान रिकामे होई. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील झरे येथे पोलीस बंदोबस्त असताना आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने भल्या पहाटे झालेली शर्यत राज्यभर गाजली. तशा न गाजलेल्या अनेक. धोक्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ हाच म्हणावा लागेल. चोरीच्या शर्यतीत दोर बांधत नाहीत, डॉक्टर बोलवत नाहीत, जखमी माणसाला सरकारी दवाखान्यात नेताना काय सांगायचे ते आधी ठरवतात, आणि बैलाचा पाय मोडला तर तो कुणाचा, हेही कुणी बोलत नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने इतर राज्यांप्रमाणे महाराष्ट्रालाही अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावेचे अंतर १००० मीटरच्या आत असावे लागते, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी होते, काठी-चाबूक-पराणी आणि विजेचा झटका यांना बंदी आहे. परत आलेला खेळ पूर्वीपेक्षा मोठा होता. मे २०२२मध्ये पिंपरी-चिंचवडच्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी ठेवला गेला. मैदाने मोबाइलवर थेट दिसू लागली आणि बकासुर, मथुर अशी बैलांची नावे शर्यत कधी न पाहिलेल्या पोरांच्याही तोंडी आली.

वाद मिटलेला नाही, पण त्याचा सूर बदलला आहे. जुने शौकीन म्हणतात, काठीशिवाय पळतो तोच खरा बैल. पूर्वी निम्मी शर्यत पराणीच जिंकत असे. त्यांच्याच वयाचे दुसरे म्हणतात, काठी गेली पण दोन्ही बाजूंनी मोटारसायकली लावून बैल पिटाळतात, त्याला काय म्हणायचे? तरुणांचा आक्षेप निशाणावरच्या पंचांना असतो. कॅमेरा असलाच पाहिजे, असे ते म्हणतात, कारण नाकाच्या फरकाने गेलेल्या गुलालावरून हाणामाऱ्या होतात. गर्दीबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मूळ कायदा प्राण्यांच्या छळाविषयीचा असल्याने न्यायालयातला युक्तिवाद बैलाभोवती फिरला, आणि बैलाच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी सुधारल्याही. माणसे आवरण्याचे काम मात्र आयोजकांच्या माईकवर आणि बंदोबस्ताच्या चार पोलिसांवर राहिले. मोठ्या मैदानांत आता लोखंडी जाळ्या दिसतात. खाचरातल्या बिनजोडला अजूनही पुष्कळदा दोरीच असते, तीही निशाणापर्यंत. त्यापुढे, जिथे ब्रेक नसलेला छकडा खरोखर थांबणार असतो, तिथे हरलेल्या-जिंकलेल्या दोन्ही बाजूंची माणसे गुलाल घेऊन आधीच उभी असतात.