गरिबाघरचा ड्रॅक्युला

ड्रॅक्युला कशानं मरतो, असं कुणालाही विचारा. सूर्यप्रकाशानं, असं उत्तर येतं. शाळकरी मुलंही ते अशा ठामपणे देतात, की कार्पेथियन डोंगरातल्या आज्यांनी शेकडो वर्षं जपलेला हा नियम असावा. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत तसं काहीच नाही. तिथला काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच. शेवटी तो मरतो दोन सुऱ्यांनी, आणि त्यातली एक चक्क कुकरी आहे. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हा नियम १९२२ साली जर्मनीत, एका तुटपुंज्या भांडवलाच्या कंपनीनं, स्टोकरच्या पत्नीची परवानगी न घेता काढलेल्या मूकपटात जन्माला आला.

गेली कित्येक वर्षं मी जुने, स्वस्तातले व्हॅम्पायरपट आवडीनं पाहतो आहे. आधी व्हिडिओ लायब्ररीतल्या घासलेल्या कॅसेट, मग फुटपाथवरच्या व्हीसीडी, आता घरबसल्या. ही आवड सांगितली, की समोरचा एक तर कीव करतो, नाही तर 'वाईट म्हणून मजेदार असतं ना ते?' असं म्हणून मला सोडवायला बघतो. मला तशी सुटका नको आहे. यातले बरेच चित्रपट वाईट आहेत हे खरंच. १९६६ चा 'बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला' तर माझ्यासारख्याच्यानंही सलग बघवत नाही. पण उरलेल्यांचं ऋण मोठं आहे. आज जगभर ज्याला आपण 'व्हॅम्पायरची दंतकथा' म्हणतो, तिचे अर्धेअधिक नियम पैशांची ओढाताण असलेल्या नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी, गरज पडली तेव्हा, हाताशी असेल त्यातून घडवले आहेत. लोककथा अशाच घडतात. हडळीचे पाय उलटे असतात, मुंजा पिंपळावरच राहतो, हे कुणी एकानं बसून लिहिलेलं नाही. इथं मात्र नियम कधी, कुठे आणि कशासाठी तयार झाला, हे तारखेनिशी सांगता येतं.

मुळात व्हॅम्पायर हे सगळ्यांत कमी खर्चाचं भूत आहे. किंग काँगला यांत्रिक सांगाडा लागतो, फ्रँकनस्टाइनच्या राक्षसाला रोज काही तास रंगपटात बसवावं लागतं. व्हॅम्पायरला एक उंच माणूस, एक काळा झगा आणि एका बाजूनं पडणारा दिवा पुरतो. म्हणून तो गरीब निर्मात्यांच्या घरी वारंवार आला.

आता त्या मूकपटाबद्दल. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेरातू'. निर्माती प्राना फिल्म ही कंपनी एवढा एकच चित्रपट काढून दिवाळखोरीत गेली. स्टोकरच्या पत्नीनं खटला भरला, १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, आणि परदेशी पोचलेल्या प्रतींमुळे चित्रपट वाचला. कादंबरीच्या शेवटी घोडेस्वारांचा पाठलाग आहे, बर्फ आहे, लांडगे आहेत. मुर्नाऊनं त्याऐवजी एक खोली, एक खिडकी आणि उगवतं ऊन घेतलं. पिशाच्च हवेत विरून जातं आणि थोडासा धूर उरतो. कॅमेऱ्यातल्या साध्या युक्तीनं हे जमतं. खर्च वाचवायलाच त्यानं असं केलं, असं मी म्हणणार नाही. पण नंतरच्या शंभर निर्मात्यांनी हा शेवट का उचलला, ते कळायला हिशेबाची वही पुरे.

यातली गंमत अशी, की उन्हानं मरणाऱ्या या पिशाच्चाचे बाहेरचे बरेच प्रसंग उन्हातच चित्रित झाले आहेत. तेव्हाच्या फिल्मला रात्रीचा अंधार पेलत नसे. दिवसा शूटिंग करायचं आणि ती फिल्म निळ्या रंगात बुडवायची. निळं म्हणजे रात्र, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. पुढे कृष्णधवल प्रती निघाल्या त्यांत निळा रंग गेला. मी पहिल्यांदा फिल्म सोसायटीत पाहिली ती अशीच प्रत होती. काउंट ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हात गल्ल्यांतून चालला होता, भिंतींवर सावल्या पडत होत्या, आणि सभागृहात हशा पिकला होता. कित्येक वर्षांनी रंग परत चढवलेली प्रत पाहिली. तेच दृश्य, तोच माणूस. कुणी हसलं नाही.

काळ्या झग्याच्या उभ्या कॉलरचीही अशीच गोष्ट. कादंबरीतल्या काउंटला ती नाही. हॅमिल्टन डीन या आयरिश नटानं १९२४ मध्ये 'ड्रॅक्युला' रंगभूमीवर आणलं. काउंट सगळ्यांसमोर अदृश्य व्हायला हवा होता. नट प्रेक्षकांकडे पाठ करी, उंच कॉलरमुळे त्याचं डोकं झाकलं जाई, दुसरी पात्रं झगा धरून ठेवत आणि तो झग्याखालून सटकून रंगमंचावरच्या चोरदारातून खाली उतरे. क्षणभर झगा उभाच, आणि मग रिकामा कोसळे. पुढे हे नाटक ब्रॉडवेवर गेलं, तिथून बेला लुगोसी १९३१ च्या चित्रपटात आला, आणि त्याच्या मागोमाग कॉलरही. सिनेमात माणूस अदृश्य करायला फिल्म कापली की झालं. तरी कॉलर राहिली. आज वाढदिवसाच्या पार्टीला ड्रॅक्युला बनणारं पोर जी कडक कॉलर लावतं, ती एका चोरदाराची खूण आहे.

सुळे तर आणखी उशिरा आले. ऑरलॉकला उंदरासारखे पुढचे दोन दात होते, लुगोसीचे सुळे दिसतच नाहीत. लांब सुळे आपल्याला दिसतात ते १९५३ च्या 'ड्राकुला इस्तंबुलदा' या तुर्की चित्रपटात, मग १९५७ च्या मेक्सिकन 'एल वाम्पिरो'मध्ये, आणि मग ब्रिटिश हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला'त. हॉलिवुडच्या बड्या स्टुडिओंनी जे टाळलं होतं ते या लहान कंपन्यांनी केलं.

पण मला या चित्रपटांत खरा आनंद मिळतो तो नियमांच्या इतिहासापेक्षा कारागिरीत. १९५७ चा 'इ वाम्पिरी' हा इटालियन चित्रपट घ्या. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदानं तो बारा दिवसांत पुरा करायचं कबूल केलं होतं. मुदत संपत आली, भांडण झालं आणि तो निघून गेला. उरलेलं काम छायालेखक मारिओ बाव्हानं दोन दिवसांत उरकलं. त्यात एक तरुण डचेस कॅमेऱ्यासमोर, मध्ये कुठेही न कापता, म्हातारी होते. ही करामत अशी: चेहऱ्यावरच्या सुरकुत्या लाल रंगानं काढायच्या आणि उजेडही लाल ठेवायचा. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही. मग हळूहळू उजेड निळसर-हिरवा करत न्यायचा. त्या उजेडात लाल रेघ काळी पडते. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे दिव्याचा रंग बदलल्याचं प्रेक्षकाला कळत नाही. त्याला दिसतं ते फक्त एका बाईचं तारुण्य ओसरताना. ही युक्ती बाव्हाच्या आधीही वापरली गेली होती. पण पैसे आणि दिवस दोन्ही संपलेले असताना ती नेमकी आठवणं, याला मी प्रतिभा म्हणतो. मी ते दृश्य कितीदा मागे नेऊन पाहिलं आहे याची गणती नाही. युक्ती ठाऊक असूनही अंगावर काटा येतो. किंबहुना ठाऊक झाल्यावर जास्त येतो.

हॅमरचा १९५८ चा 'ड्रॅक्युला' सुमारे ८१ हजार पौंडांत झाला. स्टुडिओ म्हणजे थेम्सच्या काठचं एक जुनं मोठं घर आणि त्याची आवारं. बर्नार्ड रॉबिन्सन हा कलादिग्दर्शक तेच खांब, तेच जिने फिरवून फिरवून नव्या वास्तू उभ्या करी. पटकथाकार जिमी सँग्स्टरनं कादंबरीला जी कात्री लावली ती अभ्यासण्यासारखी आहे. जहाज गेलं, लंडन गेलं, वेड्यांचं इस्पितळ गेलं. वटवाघूळ आणि लांडगा होणं हे तर दुसऱ्याच तऱ्हेनं गेलं. एक पात्र व्हॅन हेल्सिंगला विचारतं, की हे लोक वटवाघूळ होतात ना? तो शांतपणे सांगतो, की हा एक रूढ गैरसमज आहे. एका वाक्यात वटवाघळाचा सगळा खर्च वाचला, आणि वर तो मोठा शास्त्रशुद्ध विचार वाटला! सँग्स्टर किती शहाणा होता ते दोनच वर्षांनी कळलं. १९६० च्या 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला'मध्ये हॅमरनं वटवाघूळ दाखवलं आणि ते दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसलं. त्याच चित्रपटाचा शेवट मात्र पाहावा: व्हॅन हेल्सिंग पवनचक्कीची पाती अशी फिरवतो, की चांदण्यात त्यांची क्रुसाच्या आकाराची सावली पिशाच्चावर पडते. मला विचाराल तर एका सावलीत इतकं काम करून घेतलेलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

क्रिस्टोफर ली या चित्रपटात दहा मिनिटंही दिसत नाही, आणि सुरुवातीचे प्रसंग सोडले तर बोलतच नाही. तो नसताना सगळे त्याच्याबद्दल बोलतात, दार लावतात, खिडकीकडे बघतात. नट कमी दिसल्यानं भीती वाढते हे तत्त्व म्हणून कुणी मांडलं असेल-नसेल. इथं ते साधलेलं आहे. शेवटच्या झटापटीत पीटर कुशिंग लांब टेबलावरून धावत जाऊन पडदा खाली ओढतो, आणि दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो. मेणबत्तीदाण्यांची कल्पना कुशिंगचीच. प्रत्येक वेळी खिशातून क्रूस काढायचा त्याला कंटाळा आला होता.

हसणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचा आवडता पुरावा म्हणजे एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. लुगोसी १९५६ मध्ये गेला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. वुडजवळ त्याची काही मिनिटांची मुकी चित्रफीत होती. तिच्याभोवती त्यानं अख्खा चित्रपट रचला आणि लुगोसीच्या जागी पत्नीच्या ओळखीचा एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर उपचार करणारा गृहस्थ, उभा केला. हा गृहस्थ लुगोसीहून उंच, म्हणून तो सबंध चित्रपटभर झग्यानं तोंड झाकून वावरतो. हे हास्यास्पद आहेच. पण घराबाहेर येऊन एक फूल हुंगणारा थकलेला लुगोसी त्यात आहे, आणि ते दृश्य दुसरीकडे कुठेही नाही. कोकणातल्या दशावतारात एक बाकडं म्हणजे राजाचं सिंहासन असतं. बाकड्याला कुणी हसत नाही. पाहायला आलेल्यानं अर्धं काम स्वतः करायचं, हा करार तिथं सगळ्यांना मान्य असतो. या चित्रपटांशीही तोच करार आहे. तो न करता आलेल्याला बाकडंच दिसणार.

करार असला, की माल परक्या मुलखातही रुजतो. इस्तंबुलच्या चित्रपटात क्रूस चालणार नव्हता, म्हणून लसणावर भागवलं. स्मशानातलं धुकं युनिटमधल्या माणसांनी सिगारेटी ओढून केलं, असं सांगतात. १९६७ मध्ये लाहोरला ख्वाजा सरफराज यांनी 'ज़िंदा लाश' काढला. तिथला ड्रॅक्युला सरदार नाही, प्राध्यापक आहे; अमर होण्यासाठी प्रयोगशाळेत आब-ए-हयात तयार करून पितो आणि फसतो. हॅमरचा ठसा फ्रेमफ्रेमवर आहे, पण मध्येच गाणी येतात, आणि क्रुसाची उणीव कुठे जाणवत नाही. ऊन सगळ्या धर्मांचं असतं. मुर्नाऊच्या त्या खिडकीचा लाहोरमध्ये असा उपयोग झाला.

आपल्याकडे रॅमसे बंधूंनी हे घराणं चालवलं. १९७२ चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' करायला ते सगळं कुटुंब आणि युनिट घेऊन महाबळेश्वरला गेले. मुक्काम सरकारी विश्रामगृहात, शूटिंगही तिथंच, आणि स्वयंपाक घरच्या बायकांचा. तो व्हॅम्पायरपट नव्हे, चालत्या प्रेताची गोष्ट आहे. व्हॅम्पायर आला तो १९९० च्या 'बंद दरवाज़ा'त. नेवला हे त्याचं नाव. अनिरुद्ध अग्रवाल हा रुडकीला शिकलेला इंजिनिअर त्यात झगा आणि सुळे लावून उभा आहे. त्याला बोलायला फारसं दिलेलं नाही, आणि तेच बरं झालं. मराठीत हे पिशाच्च पडद्यापेक्षा पुस्तकातून जास्त आलं. नारायण धारपांची 'लुचाई' ज्यांनी रात्री जागून वाचली असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

हॅमरच्या चित्रपटाचं एक राहिलं. सेन्सॉरमुळे ड्रॅक्युलाच्या अंताचे काही तुकडे इंग्लंडमध्ये कापले गेले होते. ते जपानी प्रतीत आहेत, अशी रसिकांमध्ये वर्षानुवर्षं कुजबुज होती. २०११ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रात ती रिळं सापडली. १९८४ च्या आगीत तिथली सुरुवातीची रिळं जळाली होती. शेवटची, म्हणजे नेमकी हवी ती, राहिली. त्यात ली उन्हात उभा राहून स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी ओरबाडतो. अवघे काही सेकंद आहेत. मी ते पाहिले तेव्हा कापणाऱ्याचा राग आला नाही, पण ते जपणाऱ्या कुणा अनामिकाबद्दल फार वाटलं.

मग अंगठी आणि राख. आठ वर्षांनी, १९६६ मध्ये, हॅमरनं पुढचा भाग काढला तेव्हा सुरुवातीला हाच शेवट पुन्हा वापरला. नवा चित्रपट रुंद पडद्याचा होता आणि जुनी फिल्म अरुंद. दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरत होती. ती त्यांनी धुक्यानं भरली.