दादरला टेम्पो पोचला किती वाजता? लॉगरचं सेटिंग आधी बघा



गेल्या दसऱ्याला आपला झेंडू दादरला गेला. पट्टी आली तर भाव पाडलेला. अडत्याचं म्हणणं, माल सहानंतर आला, बाजार उतरला होता. ड्रायव्हर म्हणाला, मी चार दहालाच फूल मंडईपाशी उभा होतो. म्हटलं, गाडीत जीपीएस लॉगर आहे, नोंद काढू.

नोंद काढली तर दादरला पोचल्याची वेळ रात्री १०:४०! आपल्या वहीत गाडी गोदामातून निघाली ११ ला. म्हणजे निघायच्या आधीच पोचली. झालं, सगळे ड्रायव्हरकडे संशयाने बघायला लागले. दोन दिवस बिचारा गप्प होता.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. जीपीएसची नोंद जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत होते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. १०:४० मध्ये ५:३० मिळवा, पहाटेचे ४:१० होतात. ड्रायव्हर खरा होता. पण हे कळेपर्यंत पट्टी मिटली होती.

म्हणून सेटिंगमध्ये टाइम झोन *+५:३०* करा. तो पर्याय नसेल तर नोंद वाचताना साडेपाच तास मिळवा, तारीखही बदलते हे विसरू नका.

दुसरी चूक आपलीच होती. नोंद दर १० मिनिटांनी ठेवलेली. ताशी ५० च्या वेगात तेवढ्यात गाडी आठ किलोमीटर पुढे जाते, मधे कुठे थांबली ते दिसतच नाही. *३० सेकंद* ठेवा, मग चारशे मीटरवर एक नोंद मिळते. तासाला १२० नोंदी होतात. दहा हजारांची मेमरी असेल तर ८३ तास पुरते. ‘मेमरी भरल्यावर थांब’ हा पर्याय मात्र नको, ऐन सणात नोंद बंद पडेल. ‘जुनं पुसून नवं लिही’ ठेवा आणि दर आठवड्याला फाइल उतरवून घ्या.

‘गाडी थांबली की नोंद बंद’ असंही एक सेटिंग असतं. बॅटरी वाचते खरी, पण आपल्याला हवा असतो तो गाडी उभी असल्याचाच पुरावा. ते बंद करा.

एक्स्प्रेस वेवर भाताण, माडपच्या बोगद्यांत नोंद तुटणारच, घाबरू नका. दादरला उंच इमारतींवर आपटून सिग्नल येतो, त्यामुळे टेम्पो पश्चिमेला उभा असून ठिपका रेल्वेच्या रुळांवर दिसू शकतो. एका ठिपक्यावरून भांडू नका, लागोपाठचे आठ-दहा बघा.

लॉगर पुढच्या काचेखाली ठेवा, ओल्या पोत्यांखाली नको. निघण्याआधी चार-पाच मिनिटं मोकळ्या आभाळाखाली चालू करा. आजच गावात एक फेरी मारा, नोंद काढा आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. वेळ जुळली नाही तर स्क्रीनचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा.