भीती टिकते ती टाळण्याने

खडवलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याचे दीड-दोन तास लोकलमध्ये जातात. कल्याणनंतर डब्यात हलायला जागा नसते, आणि अशा गर्दीत एखाद्याचा जीव अचानक घाबरा होतो. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असे वाटते. पहिल्यांदा असे झाले तर हृदयाची तपासणी करून घ्यायलाच हवी. तिथे काही निघाले नाही, तर तो बहुधा पॅनिक अटॅक असतो. धोका जाणवताच शरीरात ॲड्रेनलिन वाढते, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या आणि भोवळ त्यानेच. काही मिनिटांत हा जोर शिगेला पोचून आपोआप ओसरतो. पण माणूस त्याआधीच पुढच्या स्टेशनवर उतरतो आणि ‘उतरलो म्हणून वाचलो’ असा धडा मेंदू घेतो. उद्या तो गर्दीची गाडी सोडतो, परवा रजा टाकतो. दर वेळी भीती पक्की होत जाते.

समुपदेशनावरचा ‘नुसते बोलून काय होणार?’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या मानसोपचारकांच्या कामातून वाढलेल्या उपचारपद्धतीत विचार तपासले जातात आणि सरावही करावा लागतो. आधी दुपारच्या रिकाम्या गाडीने टिटवाळ्यापर्यंत, मग कल्याण, मग ठाणे. धडधड सुरू झाली तरी न उतरता. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो. त्यामुळे ताणाच्या काळात ती डोके वर काढू शकते आणि सराव पुन्हा करावा लागतो. काहींना औषधांचीही गरज पडते, त्यात कमीपणा नाही. गर्दी खरोखरच जीवघेणी आहे, मग भीती चूक कशी, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. दारात लटकण्याची भीती योग्यच, ती घालवूच नये. आतल्या माणसाला स्वतःच्याच धडधडीची वाटणारी भीती वेगळी. उपचार तिच्यावर आहेत. गाड्या वाढवण्याची मागणी समुपदेशनाने निकालात निघत नाही.

उपचार असूनही 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ‘ठाण्याला पाठवा’ ही तिथल्या मनोरुग्णालयावरून होणारी थट्टा ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिथे माणूस मदत मागायला कचरणारच. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आज काम करते आहे. तिथवर जाणेच अवघड वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. घरातूनच फोन लावा.