फॉर्मवर चित्र: आत साठवावे की बाहेरून आणावे?

व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर चित्र दोन प्रकारे येते. प्रोग्राम तयार करतानाच ते फॉर्ममध्ये बसवता येते, किंवा प्रोग्राम चालू असताना फाइलमधून उचलता येते. शाळेच्या विद्यार्थी-नोंदणीच्या फॉर्मवर दोन्हींची गरज पडते. वरचे बोधचिन्ह कधी बदलत नाही. विद्यार्थ्याचा फोटो मात्र प्रत्येक नोंदीगणिक बदलतो.

1998 साली आलेल्या सहाव्या आवृत्तीच्या टूलबॉक्समध्ये चित्रासाठी दोन मुख्य कंट्रोल आहेत. ‘इमेज’ हलका असतो, मेमरी कमी घेतो आणि नुसते चित्र दाखवायला पुरतो. ‘पिक्चरबॉक्स’ जड असतो. पण त्यावर कोडने रेषा, वर्तुळे आणि मजकूर काढता येतो, शिवाय त्याच्या आत बटणांसारखे इतर कंट्रोलही ठेवता येतात. बोधचिन्ह आणि फोटो या दोन्हींना इमेज पुरेसा आहे.

बोधचिन्हासाठी फॉर्मवर इमेज काढून प्रॉपर्टीच्या यादीतील ‘पिक्चर’ समोर फाइल निवडायची. निवडताक्षणी चित्र दिसते आणि त्याची प्रत फॉर्मबरोबर साठवली जाते. फॉर्मची रचना व कोड एफआरएम फाइलमध्ये मजकूर म्हणून राहतो, तर चित्राचा डेटा सोबतच्या एफआरएक्स फाइलमध्ये जातो. दुसऱ्या संगणकावर फक्त एफआरएम नेली, तर चित्र मागेच राहते. तयार ईएक्सई फाइलमध्ये मात्र ते सामावलेले असते, त्यामुळे मूळ चित्र पुढे हलवले किंवा पुसले तरी बिघडत नाही.

फोटोसाठी ‘लोडपिक्चर’ हे फंक्शन वापरतात. त्याला फाइलचा पत्ता द्यायचा आणि मिळालेले चित्र इमेजच्या पिक्चर प्रॉपर्टीत ठेवायचे. पत्ता न देता तेच फंक्शन वापरले की चौकट रिकामी होते. कोडमध्ये ‘सी’ ड्राइव्हवरचा ठरावीक पत्ता लिहिला, तर दुसऱ्या संगणकावर फाइल सापडत नाही आणि 53 क्रमांकाची एरर येते. म्हणून फोटो प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवून ‘अॅप.पाथ’च्या आधारे पत्ता बनवावा. फाइलला हजेरी क्रमांकाचे नाव दिले, तर नोंद उघडताच तिचा फोटो शोधणे सोपे जाते. फाइल उघडण्यापूर्वी ती जागेवर आहे का, हे ‘डीआयआर’ फंक्शनने तपासावे.

इमेज कंट्रोलच्या ‘स्ट्रेच’ प्रॉपर्टीचे मूल्य ‘फॉल्स’ असेल, तर चौकट चित्राएवढी होते. मोठा फोटो आला की शेजारच्या रकान्यांवर पसरतो. ‘ट्रू’ केल्यास चित्र चौकटीत बसते. पण दोघांचे प्रमाण वेगळे असेल तर चेहरा ताणलेला किंवा दबलेला दिसतो. यावर साधे गणित आहे. चौकटीच्या रुंदीला फोटोच्या रुंदीने आणि उंचीला उंचीने भागायचे, येणाऱ्या दोन संख्यांपैकी लहान संख्या घ्यायची आणि फोटोच्या दोन्ही मापांना तिने गुणायचे. समजा, चौकट 1400 बाय 1800 आणि फोटो 2800 बाय 2800 आहे. संख्या येतात 0.5 आणि सुमारे 0.64. लहान संख्येने गुणल्यावर फोटो 1400 बाय 1400 होतो, मावतो आणि चेहराही बिघडत नाही. स्ट्रेच ‘ट्रू’ ठेवून इमेजला ही मापे दिली की काम झाले.

या आवृत्तीला बीएमपी, जेपीईजी, जीआयएफ आणि आयकॉन फाइली चालतात. पीएनजी दिली तर 481 क्रमांकाची एरर येते. जीआयएफ हलते असले, तरी त्याची स्थिर चौकटच दिसते.

व्हिज्युअल बेसिकच्या पुढच्या, डॉटनेट आवृत्त्यांच्या फॉर्मवर इमेज कंट्रोल उरला नाही. पिक्चरबॉक्सच दोन्ही कामे करतो आणि पीएनजीही उघडतो. त्याच्या ‘साइजमोड’ प्रॉपर्टीत 2005 च्या आवृत्तीपासून ‘झूम’ हा पर्याय मिळाला. वरचे गणित तो स्वतःच करतो. बोधचिन्हासारखी कायमची चित्रे तिथे प्रोजेक्टच्या रिसोर्सेसमध्ये ठेवतात, आणि नोंदीगणिक बदलणारे फोटो तिथेही फाइलमधूनच घेतात.