गांठ गेली, कीं नुसती झांकली गेली?

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा हें गांव आहे आणि त्याच्या शेजारीं त्याच नांवाचें तळें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत बांधलेल्या या तलावाचें पाणी कोल्हापूरकरांनीं पिढ्यान् पिढ्या प्यालेलें आहे. वैशाखांत पाणी मागें हटूं लागलें म्हणजे कांठचा गाळ उघडा पडतो. वरून तो कोरडा, भेगाळलेला, कठीण दिसतो. परंतु खालीं ओल उरली आहे कीं नाहीं, हें नुसत्या नजरेला कळत नाहीं. गुदाशयाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या वैद्यापुढें नेमका असाच प्रश्न उभा राहतो. औषधांनीं गांठ आटली, हें दिसतें. परंतु तिच्या जागीं राहिलेला वण निर्जीव आहे, कीं त्याच्या आड रोगाच्या पेशी अद्याप दबा धरून आहेत? या एका प्रश्नाच्या उत्तरावर रोग्याचें पुढील आयुष्य कसें जावयाचें, हें पुष्कळदां ठरतें.

गुदाशय म्हणजे मोठ्या आंतड्याचा शेवटचा, सुमारें बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्याभोंवतीं चरबीचें वेष्टण असतें व त्या चरबीवर एक पातळ पडदा असतो. १९८२ सालीं इंग्लंडमधील शस्त्रवैद्य बिल हील्ड यांनीं असें दाखवून दिलें कीं, हें सारें वेष्टण पडद्यासह अखंड काढलें असतां त्याच जागीं रोग उलटण्याचें प्रमाण पुष्कळच घटतें. ही शस्त्रक्रिया आजहि उपचाराचा मुख्य आधार आहे. परंतु गांठ अगदीं खालीं असली, तर गुदद्वारहि काढावें लागतें आणि मलविसर्जनासाठीं पोटावर कायमचा मार्ग करून तेथें पिशवी लावावी लागते. अशा पिशवीसह माणसें उत्तम रीतीनें जगतात, कामधंदा करतात. तरीहि ती टाळतां आली तर रोग्याला हवीच असते.

म्हणून अनेक रोग्यांना आधीं किरणोपचार व किमोथेरपी देऊन गांठ आकसवितात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘रॅपिडो’ नांवाच्या युरोपीय प्रयोगांत ९२० रुग्ण होते. त्यांतील एका गटाला थोड्या दिवसांचा किरणोपचार व त्यानंतर अठरा आठवड्यांची किमोथेरपी दिली, आणि मग शस्त्रक्रिया केली. काढलेल्या भागांत रोगाची एकहि पेशी सांपडली नाहीं, असे रुग्ण या गटांत शेंकडा २८ निघाले. जुन्या पद्धतीच्या गटांत हें प्रमाण शेंकडा १४ होतें. तेव्हां सहजच मनांत येतें कीं, रोग जर उरलाच नव्हता, तर कापलें कशासाठीं? ब्राझीलमधील साव पाउलो येथील शस्त्रवैद्य अँजेलिता हाब्र-गामा यांनीं हा प्रश्न धीटपणें विचारला. २००४ सालीं त्यांनीं २६५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ७१ जणांची गांठ पूर्ण नाहींशी झाल्याचें तपासणींत दिसल्यामुळें त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करतां नुसती कडक नजर ठेवली होती. मात्र या मार्गानें जावयाचें, तर ‘उरलें नाहीं’ हें शस्त्र न चालवतां ओळखतां आलें पाहिजे.

बोटानें केलेली तपासणी व दुर्बीण यांना आंतड्याचा आंतला पृष्ठभाग कळतो. भिंतीच्या जाडींत व बाहेरच्या चरबींत काय आहे, तें त्यांना दिसत नाहीं. तें पाहण्याचें साधन म्हणजे एम्. आर्. आय्. यांत क्ष-किरण मुळींच नसतात. मानवी शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे, आणि पाण्यांत हायड्रोजन आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें तीस हजार पट प्रबळ अशा चुंबकांत रोग्याला निजविलें, कीं हायड्रोजनचीं अणुकेंद्रें चुंबकाच्या रोंखानें वळतात. मग रेडिओलहरींनीं त्यांना क्षणभर हलवावयाचें आणि तीं पूर्वस्थितीवर येतांना जे सूक्ष्म संदेश देतात, ते टिपून चित्र रचावयाचें. रेडिओ ऐकणाऱ्या घरांना यांत नवल वाटूं नये. येथें लहरी धाडणारें शरीर आहे, एवढाच काय तो फरक. या विद्येचा पाया घालणारे पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

अशा चित्रांत चरबी उजळ, आंतड्याची स्नायूची भिंत काळसर आणि रोगाची गांठ मधल्या करड्या रंगाची दिसते. उपचारानें गांठ मेली म्हणजे तिच्या जागीं वणाचे तंतू येतात व तेथें काळी रेघ उमटते. करडेपणा जितका कमी व काळेपणा जितका अधिक, तितका उपचार लागू पडला. तज्ज्ञ याच्या पांच पायऱ्या मानतात. पहिली म्हणजे संपूर्ण गुण, पांचवी म्हणजे कांहींच गुण नाहीं.

दुसरी खूण पाण्याच्या हालचालीची. नवरात्रांत कोल्हापुरांत महाद्वार रस्त्यावर दाटी झाली म्हणजे माणसाला पाऊलहि टाकतां येत नाहीं. तोच रस्ता पहांटे मोकळा असतो. रोगाच्या पेशी अशाच दाटीनें वसतात व त्यांच्यामधील पाण्याला फिरावयास वाव उरत नाहीं. पाण्याची ही कोंडी दाखविणारें वेगळें चित्र घेतां येतें. त्यांत दाटीची जागा चमकते. काळ्या वणांत अशी चमक राहिली नसेल, तर आशेला बळ येतें.

तरीहि चित्र म्हणजे साक्षात्कार नव्हे. मूठभर पेशी चुंबकालाहि दिसत नाहींत. किरणोपचारानंतर लगेच चित्र घेतलें, तर सूज व रोग यांची गल्लत होते. म्हणून कांहीं आठवडे थांबावें लागतें. कांहीं गांठी बुळबुळीत श्लेष्म स्रवतात. पेशी मेल्या तरी तें डबकें चित्रांत तसेंच उजळ राहतें. म्हणून बोट, दुर्बीण व चित्र या तिघांची साक्ष जुळल्यावांचून निर्णय करूं नये, हा नियम सर्वत्र मानला जातो. यकृत व फुप्फुसें यांकडे रोग गेला आहे काय, हें पाहण्यास सी. टी. चित्र निराळें घ्यावें लागतें.

चित्राचा उपयोग नुसत्या किमोथेरपीनंतरहि होतो. २०२३ सालीं ‘प्रॉस्पेक्ट’ या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत एका गटाला आधीं केवळ किमोथेरपी देऊन गांठ पुन्हां तपासली; ती निदान एकपंचमांश आकसली असेल, तर किरणोपचार गाळून शस्त्रक्रिया केली. त्या गटांत दहांतील सुमारें नऊ जणांना शस्त्रक्रियेपूर्वीं किरणोपचार घ्यावा लागला नाहीं, आणि पांच वर्षांनंतरचा निकाल जुन्या पद्धतीइतकाच चांगला ठरला. ज्यांना अद्याप मुलें हवीं आहेत, त्यांना याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मात्र हा प्रयोग अगदीं खालच्या किंवा फार पसरलेल्या गांठींसाठीं नव्हता.

शस्त्रक्रिया न करतां थांबणें म्हणजे निर्धास्त होणें नव्हे. २०१८ सालीं पंधरा देशांतील ८८० रुग्णांचा हिशेब मांडला गेला. त्यांतील सुमारें एकचतुर्थांश लोकांत दोन वर्षांच्या आंत त्याच जागीं गांठ पुन्हां उठली. ती वेळेवर सांपडली, तर बहुतेकांना शस्त्रक्रियेचा मार्ग खुला असतो; उशीर झाला, तर तो बंद होऊं शकतो. म्हणून पहिलीं दोन वर्षें दर तीन-चार महिन्यांनीं तपासणी चुकवून चालत नाहीं. कळंब्याच्या एखाद्या शेतकऱ्यानें परळच्या टाटा रुग्णालयांत उपचार घेतले, तर दर खेपेस महालक्ष्मी एक्स्प्रेसनें एका रात्रीचा प्रवास, सोबतीचें माणूस व बुडालेली मजुरी हें सारें आलें. हा खर्च जमणार नसेल, तर तसें डॉक्टरांना आधींच स्पष्ट सांगावें. अशा वेळीं शस्त्रक्रिया करून मोकळें होणें हाच शहाणपणा ठरूं शकतो.

१९४१ सालीं स्थापन झालेल्या त्याच टाटा रुग्णालयानें २०१७ सालीं आंतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णांचें सरासरी वय अवघें ४७ च्या सुमारास होतें. तेव्हां हा म्हातारपणाचा रोग, असें मानून स्वस्थ राहूं नये. शौचावाटे रक्त पडलें कीं मूळव्याध समजून महिनोन् महिने घरगुती औषधें घेण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडावी. आणि ज्या घरांत हा रोग आलाच असेल, त्यांनीं उपचारापूर्वींचीं चित्रें जपून ठेवावींत व प्रत्येक खेपेस बरोबर न्यावींत. गांठ पूर्वीं कोठें व केवढी होती हें ठाऊक असल्याखेरीज आज ती गेली कीं नाहीं, हें अत्यंत निष्णात तज्ज्ञालाहि खात्रीनें सांगतां येत नाहीं.