द्राक्षे, बेदाणे आणि वजनाचा काटा

नाशिकच्या बाजारात एकाच वेलीचे फळ दोन रूपांत विकले जाते. ताज्या द्राक्षांच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 70 उष्मांक असतात; तितक्याच बेदाण्यांत सुमारे 300. फरक मुख्यतः निघून गेलेल्या पाण्याचा आहे. मूठभर बेदाणे सहज फस्त होतात. तेवढे उष्मांक द्राक्षांतून घ्यायचे तर चौपट वजन खावे लागेल. आहाराचे आकारमान पोटाला चटकन उमगते, त्यातील उष्मांकांचा हिशेब तितका अचूक लागत नाही. वजनवाढीचे एक मर्म येथे आहे.

महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास या विषयावर मोठा वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा आग्रह धरला. उलट, ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या अंतराने खाण्यावर होता. घराघरांत दोन पक्ष पडले. मात्र किती वेळा खावे या वादात, काय आणि किती खावे हा प्रश्न मागे पडला.

चीनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. 139 स्थूल व्यक्तींपैकी सर्वांचे उष्मांक कमी केले गेले; निम्म्यांना शिवाय सकाळी 8 ते दुपारी 4 याच वेळेत खाण्याचे बंधन होते. वर्षअखेर वजन अनुक्रमे 6.3 आणि 8 किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. त्याआधी 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे कारखानी प्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न पोटभर देण्यात आले. पहिल्या प्रकारात त्यांनी रोज सुमारे 500 उष्मांक अधिक खाल्ले व वजन 0.9 किलोने वाढले. दुसऱ्यात तितकेच घटले.

नाशिककरांच्या रविवारच्या मिसळीलाही हा न्याय लावता येईल. मोड आलेल्या मटकीत प्रथिने आणि तंतू आहेत. भार वाढतो तो तर्रीचे तेल, शेव आणि पाव यांनी. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला 9 उष्मांक, पिष्ट व प्रथिनांच्या ग्रॅमला 4. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हणही साबुदाणा आणि दाण्याचे कूट पाहता निराधार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये देशातील 20.6 टक्के स्त्रिया अतिवजनी होत्या. 2019-21 मध्ये हे प्रमाण 24 टक्क्यांवर गेले. त्याच वेळी 18.7 टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश होत्या. म्हणून कमी खाण्याचा सरसकट उपदेश धोक्याचा आहे. सुरगाणा-पेठच्या डोंगरात नागली पिकवून राबणारी स्त्री आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून यांना एकच पथ्य कसे लागू पडेल? इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून जेवण टाळणे घातकच.

बैठे काम करणाऱ्याने मात्र भात-पोळीचा वाटा थोडा आवरून ताटात उसळ, भाजी व कोशिंबीर वाढवावी, चहातील साखर आणि टेबलावरील फरसाण कमी करावे. यास कोणत्याही पंथाची दीक्षा घ्यावी लागत नाही. रोज पाळता येईल एवढाच नियम पुरेसा असतो.